टॉरिन आणि मूत्रपिंड: दोनशे वर्षांचा मागोवा

हायडेलबर्गमध्ये १८२७ साली टिडेमान आणि ग्मेलिन यांनी बैलाच्या पित्तातून टॉरिन वेगळे काढले. प्रथिनांच्या बांधणीत या गंधकयुक्त आम्लाला जागा नसल्याने पुढची जवळपास दीडशे वर्षे त्याला फारसे कुणी विचारले नाही. १९७५ मध्ये टॉरिनवाचून मांजरांचे दृष्टिपटल खराब होते, हे सिद्ध झाले आणि संशोधनाला जोर आला.

मूत्रपिंडाचा धागा पुढे नेला तो अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ रसेल चेस्नी यांनी. उंदरांच्या आहारातले टॉरिन कमी केले, की मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका लघवीत जाणारे टॉरिन जास्त प्रमाणात परत खेचत. आहारात ते मुबलक झाले, की सोडून देत. माणसातही हेच दिसले. टॉरिन मुख्यतः मांसमासळीतून मिळते. दूधसुद्धा न घेणाऱ्या शाकाहारींच्या १९८८ मधल्या तपासणीत लघवीतले टॉरिन इतरांच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरले. रक्तातले मात्र थोडेच कमी होते. यकृत थोडे तयार करते, बाकीची काटकसर मूत्रपिंड सांभाळते.

मूत्रपिंडाला स्वतःलाही टॉरिन हवे असते. लघवी घट्ट करताना त्याच्या गाभ्यातला द्रव रक्ताच्या चौपट तीव्र होऊ शकतो. मीठ आणि युरियाच्या त्या माऱ्यात पेशी आकसून मरायची. पण ती टॉरिन, सॉर्बिटॉल, बीटेन अशी द्रव्ये साठवून पाणी धरून ठेवते. १९९२ मध्ये कुत्र्याच्या मूत्रपिंडपेशींतून टॉरिन आत नेणाऱ्या प्रथिनाचे जनुक हाती लागले. भोवतालचा द्रव खारट झाला, की हे जनुक अधिक सक्रिय होते, हेही कळले.

त्याच दशकात मधुमेही उंदरांच्या मूत्रपिंडाची हानी टॉरिनने कमी झाली आणि आशा पालवल्या. माणसांत मात्र तसा ठोस पुरावा अजून मिळालेला नाही. उलट २००२ मध्ये स्वीडनमधल्या डायलिसिसच्या रुग्णांना टॉरिन दिले, तेव्हा ते रक्तात कित्येक पटींनी साचले. जादा टॉरिन बाहेर टाकणारी वाटच त्यांच्यात बंद झालेली होती.

आज टॉरिन एनर्जी ड्रिंकच्या डब्यात आणि जिममधल्या पावडरीत सर्रास मिळते. निरोगी मूत्रपिंड त्याचा हिशेब जमवून घेते. ज्यांच्या रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले, म्हणजेच मूत्रपिंड मंदावलेले आहे, त्यांनी मात्र पाकिटावरच्या दाव्यांना भुलू नये. मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.