गवंडी पेटीत बसत नाही

एका नागपूरकर वाचकांनी तिरकस प्रश्न धाडला आहे: ‘आमच्याकडे ४४ अंशांत गवंडी स्लॅब टाकतात, तुमच्या मुंबईत ३५ लाच माणसं कोसळतात. एवढे नाजूक कसे?’

उत्तर तुमच्या घरच्या माठात आहे. वैशाखात तो पाणी गारेगार करतो. तोच माठ गिरगावात आणून ठेवा, पाणी जेमतेम निवेल. झिरपलेलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. हवाच ओलीचिंब असेल तर ते उडणार कसं? घामाचंही तेच. टपकणारा घाम अंग गार करत नाही, वाळणारा करतो.

तापमापकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळा. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर तो साधारण २३ दाखवेल. ३५ अंश आणि ६५ टक्क्यांना मात्र २९! म्हणून नागपूर सुखात, असं नव्हे. ४४ अंशांची हवा अंगाला उलट तापवते, कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो, आणि रिकामा माठ गार राहत नाही.

शिवाय बातम्यांतला आकडा सावलीतला, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजलेला. (पेटी थॉमस स्टीव्हन्सन यांची, ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुईचे हे वडील.) गवंडी त्या पेटीत बसत नाही.

हे ओळखलं संशोधक कॉन्स्टँटिन याग्लू यांनी. अमेरिकेतल्या पॅरिस आयलंड तळावर मरीन दलाचे नवे रंगरूट कवायतीत उष्माघाताने कोसळत. याग्लू आणि डेव्हिड मिनार्ड यांनी १९५७ साली सूत्र मांडलं: ओल्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हात टांगलेल्या काळ्या पोकळ गोळ्यातल्या तापमानाला २०, आणि साध्या तापमापकाला अवघं १०. वाहिन्यांवर लाल अक्षरांत किंचाळणाऱ्या आकड्याची किंमत एवढीच! कामाच्या जागचा ताप मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक आजही याच सूत्रावर चालतं.

रंगरूट ‘नवे’ होते, हेही महत्त्वाचं. अंग उन्हाला सरावायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून अमेरिकी मार्गदर्शिका सांगते, नव्या मजुराला पहिल्या दिवशी उन्हात पाचवा हिस्साच काम द्या, मग रोज तेवढंच वाढवा. आपल्याकडे नाक्यावरून उचललेला मजूर पहिल्याच दिवशी भर दुपारी घमेली वाहतो.

घरी दोन साधे तापमापक असतील (तापाचे नव्हेत), तर एकाला ओलं फडकं गुंडाळून दोन्ही पंख्याखाली ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही आकडे टिपा आणि गावाच्या नावासह कळवा. विदर्भ आणि कोकण शेजारी-शेजारी छापू.