'टॅलेंट' : एका शब्दाचा तराजूपासून रंगमंचापर्यंतचा प्रवास

'टॅलेंट' हा शब्द आता केवळ इंग्रजी राहिलेला नाही. धर्मग्रामाच्या सणानिमित्त लागणाऱ्या 'टॅलेंट शो'च्या फलकावर तो देवनागरीत झळकतो, शाळेच्या पालकसभेत ऐकू येतो, आणि 'आमच्या मुलात काही खास टॅलेंट नाही हो' असे एखादी माउली सहज बोलून जाते. हे वाक्य प्रस्तुत लेखकाने अनेकदा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी ते खटकले आहे. कारण हा शब्द आजच्या अर्थाने ज्या एका दाखल्यामुळे रूढ झाला, त्या दाखल्यात 'काहीच न मिळालेला' असा एकही दास नाही.

शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत आहे. 'तालान्तोन' म्हणजे तराजू. होमरच्या 'इलियड' महाकाव्यात झ्यूस हा देव सोन्याचा तराजू उचलून धरतो व योद्ध्यांचे भवितव्य तोलतो, तेथे हाच शब्द योजिला आहे. उचलणे, भार सोसणे असा त्याच्या धातूचा अर्थ असून संस्कृतमधील 'तुला' हा शब्द त्याच कुळातील आहे, असे भाषाशास्त्र सांगते. म्हणजे आपले तोलणे, तूळ रास आणि सोनाराच्या दुकानातला तोळा ही सारी टॅलेंटची दूरची भावंडे होत! परका वाटणारा पाहुणा असा घरचाच निघतो.

तराजूवरून वजन आणि वजनावरून पैसा, असा अर्थ सरकत गेला. अथेन्समध्ये एक तालान्त म्हणजे सुमारे २६ किलो चांदी, अर्थात ६,००० द्राख्मे. यहुदी लोकांचे 'किक्कार' हे वजन त्याहून जड, ३,००० शेकेलांचे, म्हणजे अंदाजे ३४ किलो. निर्गमाच्या २५ व्या अध्यायात पवित्र निवासमंडपातील दीपवृक्ष एक किक्कार शुद्ध सोन्याचा करावा अशी आज्ञा आहे. जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा 'किक्कार'साठी 'तालान्तोन' हाच शब्द घेतला गेला.

आता मत्तयच्या २५ व्या अध्यायातील दाखला पाहू. सामान्य काळातील ३३ व्या रविवारी, उपासनेच्या 'अ' वर्षात, तो आपण मिस्सामध्ये ऐकतो. परदेशी जाणारा धनी एका दासाला पाच, दुसऱ्याला दोन व तिसऱ्याला एक तालान्त देतो. एकच मिळालेल्या तिसऱ्याची आपल्याला कीव येते. परंतु हिशेब करून पाहावा. एका तालान्ताचे सुमारे ६,००० दिनार होत, आणि मत्तयच्याच २० व्या अध्यायातील द्राक्षमळ्यात मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार ठरली आहे. शब्बाथ व सणांचे दिवस वगळून वर्षाला ३०० दिवस काम धरले, तर एक तालान्त म्हणजे मजुराची २० वर्षांची कमाई! सर्वांत कमी मिळालेल्या दासाच्या हाती एवढी रक्कम होती. (१८ व्या अध्यायातील निर्दय चाकराचे दहा हजार तालान्तांचे कर्ज याच हिशेबाने दोन लाख वर्षांच्या मजुरीइतके भरते, त्याने 'सारे फेडीन' असे म्हणावे, यातला विनोद तेव्हाच्या श्रोत्यांना नक्कीच कळला असेल.)

त्या दासाने पैसे पुरले, हे आपल्याला मूर्खपणाचे वाटते. त्या काळी तसे नव्हते. परक्याची ठेव जमिनीत पुरून ठेवणे हाच सुरक्षित मार्ग, असे मत तालमूद या यहुदी ग्रंथातही नोंदलेले आहे. हा दास उधळ्या नव्हता, चोर नव्हता. रूढ दृष्टीने तो सावधच होता. धन्याचा राग त्याच्या या सावधपणावर आहे, आणि दाखल्याची धार तेथेच आहे.

यापेक्षाही महत्त्वाचा एक बारकावा आहे. धन्याने तालान्त दिले ते 'ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे', असे १५ वे वचन सांगते. म्हणजे दाखल्यात योग्यता ही एक गोष्ट आहे आणि तालान्त ही दुसरी. योग्यता दासाची, तालान्त धन्याचे, सोपवलेले, परत मागितले जाणारे. आज आपण टॅलेंट म्हणजेच योग्यता मानतो. ज्या दोन गोष्टी वचनाने वेगळ्या ठेवल्या, त्या शब्दाच्या प्रवासात एकरूप झाल्या, आणि ठेव आपल्या मालकीची झाली.

हा बदल एका दिवसात घडला नाही. मध्ययुगीन लॅटिनमध्ये व जुन्या फ्रेंचमध्ये 'टॅलेंट'ला इच्छा, ओढ असा अर्थ आला. पारडे एका बाजूला झुकते तसे मन झुकते, अशी त्याची एक उपपत्ती दिली जाते. मराठी वाचकाला ती पटकन पटेल, कारण आपणही जमिनीच्या उतारालाही 'कल' म्हणतो आणि मुलाच्या आवडीलाही. मात्र ही ओढ चांगलीच असे, असे नव्हे. दान्तेने नरकवर्णनात कामवासनेने पतन पावलेल्यांविषयी लिहिताना बुद्धीवर मात करणाऱ्या वासनेला 'तालेन्तो' असेच म्हटले आहे. ईश्वरदत्त गुण हा अर्थ इंग्रजीत पंधराव्या शतकात दिसू लागतो आणि तो मत्तयच्या दाखल्यावरूनच आलेला आहे. १६५२ पर्यंत पूर्ण अंध झालेल्या जॉन मिल्टनने आपल्या अंधत्वावरील सुनीतात या शब्दावर श्लेष साधला, तेव्हा नाणे आणि काव्यशक्ती हे दोन्ही अर्थ वाचकाला ठाऊक होते. पुढे नाणे विसरले गेले. १८३२ साली कवी कोलरिज 'टॅलेंटेड' या नव्या विशेषणावर फार चिडला होता. मग शिलिंग आणि फार्दिंग या नाण्यांपासूनही अशी विशेषणे का बनवू नयेत, असे त्याने विचारले. कोलरिज हरला. आज 'टॅलेंटेड मुलगी' म्हणताना कोणाच्याही डोळ्यांसमोर चांदीची रास येत नाही.

दाखल्यातील तालान्ताचा अर्थ लावण्याचे काम ख्रिस्तसभेत मात्र फार पूर्वीच सुरू झाले होते. पोप संत ग्रेगरी महान (परमगुरूपदाचा काळ ५९० ते ६०४) यांनी रोममध्ये याच वचनांवर प्रवचन केले. पाच तालान्त म्हणजे पंचेंद्रिये, दोन म्हणजे समज व कृती, एक म्हणजे केवळ समज, असा त्यांचा अर्थ होता. पुढे ते थेट श्रोत्यांच्या जीवनात उतरतात. कोणाला समज लाभली आहे, कोणाला धनसंपत्ती, कोणी एखादी कारागिरी शिकून त्यावर पोट भरतो. आणि ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, पण एखाद्या श्रीमंताशी ओळख आहे, त्याची ती ओळखच त्याचा तालान्त होय. तो गरिबासाठी त्या श्रीमंताकडे शब्द टाकू शकतो आणि टाकत नाही, तर त्याने आपला तालान्त पुरला, असे पोप ग्रेगरी म्हणतात. त्यांच्या या यादीत ना गायन आहे, ना नृत्य.