‘जैत रे जैत’मधला लिंगोबा आपला लिंगो नव्हे

दिवाळीनंतरच्या मंडईत भोंग्यावर ‘जैत रे जैत’ची गाणी लागली की चिमूरकडे कोणीतरी ठामपणे सांगतोच, “हा आपल्याच गोंडायचा पिच्चर आहे न! लिंगोदेवाचा डोंगर नाही का त्यात?” ऐकणारेही माना डोलावतात.

नाही हो. हा चित्रपट गोंडांचा नाही. तो ज्यावर बेतला ती गो. नी. दांडेकरांची कादंबरी उघडून पाहा. त्यातले नाग्या आणि चिंधी ठाकर आहेत, आणि त्यांचा मुलूख रायगड जिल्ह्यातल्या कर्नाळ्याचा. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की अंगठ्यासारखा उभा सुळका दिसतो, तो हा लिंगोबाचा डोंगर. मधाची पोळी तिथली आणि नाग्याचं मधमाश्यांशी वैरही तिथलंच.

गोंडांचे पारी कुपार लिंगो म्हणजे सुळक्यावरचा देव नव्हे. गोंड परंपरेत ते धर्मगुरू आहेत, समाजाला सगा-गोत्रांची व्यवस्था घालून देणारे. त्यांचं ठिकाण गोंदिया जिल्ह्यातलं कचारगड. ठाकरांची बोली मराठीच्या घरातली, तर गोंडी द्राविडी, तेलुगूच्या नात्यातली. राज्याच्या दोन टोकांचे दोन समाज, केवळ नावं कानाला सारखी लागली म्हणून एक कसे होतील? ‘आदिवासी सगळे सारखेच’ असं शहरातला माणूस म्हणाला की आपल्याला राग येतो. मग ठाकरांच्या बाबतीत आपण दुसरं काय करतो?

यावर एक युक्तिवाद हटकून येतो: “लेखक तर विदर्भाचा होता!” होता. दांडेकरांचा जन्म १९१६ साली परतवाड्यात झाला. पण तेराव्या वर्षी घर सोडलेला हा माणूस पुढे तळेगाव दाभाड्यात राहिला आणि आयुष्यभर सह्याद्रीचे गड पायाखाली घालत हिंडला. जन्मगावावरून कादंबरीचं जंगल ठरत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘गाणी ठाकरांकडून जशीच्या तशी उचलली.’ श्रेयनामावली वाचा. शब्द ना. धों. महानोरांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. महानोर अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे शेतकरी-कवी, ठाकर नव्हेत.

‘निर्मिती लताबाईंची.’ नाही, उषा मंगेशकरांची.

‘जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट.’ त्याआधी ‘सामना’ झाला होता, आणि तो १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात पोचला होता.

‘स्मिता पाटीलला चिंधीसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.’ २५व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘जैत रे जैत’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, हे खरं. स्मिताला त्याच वर्षी पुरस्कार मिळाला तो हिंदी ‘भूमिका’साठी.

‘नाग्या झालेला नट खरा ठाकर होता.’ ते मोहन आगाशे. पुण्याचे मनोविकारतज्ज्ञ आणि ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस. ‘घाशीराम’चे दिग्दर्शकही जब्बार पटेलच. गोष्ट सांगत गाणारे रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळेही त्याच नाटकातले.

‘राणीमाशी माणसाला डसते.’ गोष्टीत नाग्याची तशी समजूत आहे, ती गोष्टीपुरती ठेवा. आग्यामोहोळ उठलं की अंगावर येतात त्या कामकरी माश्या. मध काढायला जाणाऱ्या कोणालाही विचारा.

तर गाणी खुशाल लावा, मोठ्याने लावा. फक्त लिंगोच्या पायी डोकं ठेवायचं असेल, तर माघ पौर्णिमेला कचारगडची गाडी पकडा; पनवेलची नाही.