डब्यातल्या दुधाची जागा

राष्ट्रीय पोषण संस्थेने, जी १९१८ साली कुन्नूरला सुरू होऊन १९५८ मध्ये हैदराबादेत आली, २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत व त्यानंतरही स्तनपान, असा स्पष्ट सल्ला दिला आहे.

तरीही डब्याच्या दुधाला, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील शिशुदुग्धाला, एक मर्यादित पण खरी जागा आहे. आईच्या १०० मिली दुधात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम असतात, तर गाईच्या दुधात ती सुमारे ३.३ ग्रॅम असून त्यांत घट्ट साका धरणाऱ्या केसीनचा वाटा मोठा असतो. शिवाय क्षारही जास्त असल्याने तान्ह्या बाळाच्या मूत्रपिंडांवर भार पडतो. म्हणूनच कारखान्यात गाईच्या दुधातील प्रथिने व क्षार कमी करून, दूध नासवल्यावर पाण्यात उरणारी व्हे-प्रथिने वाढवून, दुग्धशर्करा, वनस्पती तेले, लोह आणि जीवनसत्त्वे मिसळतात. घटकांची जुळणी अशी बरीच साधते. मात्र आईच्या दुधातील रोगप्रतिकारक द्रव्ये आणि जिवंत पेशी डब्यात भरता येत नाहीत.

आई हयात नसेल, कर्करोगावरील औषधांसारखा उपचार घेत असेल किंवा पुरेसे प्रयत्न करूनही दूध पुरत नसेल, तर डब्याचा विचार करावा; अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी त्याआधी दात्या मातांच्या दुधाची पेढी आहे का, हे पाहावे. अशी पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्येच सुरू झाली.

खरा घात होतो तो स्वयंपाकघरात. भुकटी निर्जंतुक नसते, त्यामुळे उकळून किमान ७० अंश सेल्सिअसपर्यंतच निवलेल्या पाण्यात ती कालवावी, दूध बाळाला सोसेल इतके कोमट करून लगेच पाजावे आणि उरलेले टाकून द्यावे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, कारण तो घासून स्वच्छ करणे सोपे. १९९२ च्या कायद्याने या दुधाची जाहिरात करण्यास आणि डब्यावर बाळाचे चित्र छापण्यास मनाई केली आहे, पण मापात कसर करणाऱ्या हाताला कायदा आवरू शकत नाही. पातळ दुधाने पोट भरते, बाळ मात्र वाढत नाही. तेव्हा डबा महिनाअखेरपर्यंत पुरवण्यासाठी पाणी वाढवू नये. परवडत नसेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.