किड्यांनी दिलेले तांबडे शब्द

मागच्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात एका चुणचुणीत मुलाने सांगितले, "लाखो किडे मिळून तयार करतात, म्हणून ती लाख!" वर्गाने टाळ्या पिटल्या, आम्हीही मान डोलावली. घरी कोश चाळला, तेव्हा ही मान इतक्या सहज डोलावयास नको होती असे वाटले. झालेली चूक वार्षिकांकातच दुरुस्त करावी, म्हणून हा लेख.

किडे असंख्य असतात हे खरे. पळस, कुसुम आणि आपल्या गावाच्या नावात जी आहे ती बोर, यांच्या कोवळ्या फांद्यांना हे इवले जीव चिकटतात, रस शोषतात व अंगाभोवती राळेचे कवच बांधतात. ते कवच म्हणजे लाख. तांबडा रंग मात्र किड्याच्या देहातला. संस्कृतात हिचे नाव 'लाक्षा'. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात तिच्यावर एक सूक्तच आहे. 'लक्ष' आणि 'लाक्षा' कानाला सख्ख्या बहिणी वाटतात; परंतु काही भाषापंडित लाक्षेचे नाते 'रंज्', म्हणजे रंगणे, या धातूशी जोडतात. 'रक्त' हा शब्दही त्याच धातूचा. पायांना लावावयाचा अळता 'अलक्तका'पासून आला. त्यातही 'र'चा 'ल' होऊन तोच 'रक्त' दडला आहे, असे त्यांना वाटते.

दुसरा शब्द अधिक भटक्या. संस्कृतात 'कृमिज' म्हणजे किड्यापासून झालेले. फारसीत किड्याला 'किर्म' म्हणतात. याच कुळातला 'किर्मिज' अरबीतून युरोपात जाऊन इंग्रजीत क्रिम्झन व कार्माइन झाला, आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे येऊन 'किरमिजी'. गंमत अशी की, युरोपातला तो किडा लाखेचा नव्हेच. भूमध्य समुद्राकाठच्या ओक वृक्षांवरचा तो निराळा जीव. आमची मायबोली कोकणी. गोव्यावर १९६१ पर्यंत ज्यांचे राज्य होते, त्या पोर्तुगिजांच्या भाषेत तांबड्याला 'व्हेर्मेल्यु' म्हणतात. त्याचे मूळ लॅटिनमधील 'लहानसा किडा' या अर्थाचा शब्द. आपला 'तांबडा' मात्र तांब्यावरून आला, किड्याशी त्याचा संबंध नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले. राळेला मागणी उरली, आणि लाख धुतलेले तांबडे पाणी नाल्यात जाऊ लागले.

हे सारे त्या मुलाला सांगितले. त्याने निमूट ऐकले. पुढल्या सोमवारी त्याने ओढ्याकाठच्या बोरीची एक फांदी आणून आमच्या टेबलावर ठेवली. तिच्यावर लाख होती.