रविवार कुणी मिळवला?

रविवारची सुट्टी कुणाला आवडत नाही? पण मुंबईच्या गिरणी कामगारांना एके काळी तीही नव्हती, बरं का!

मे महिन्यात आम्ही चौघं लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये गेलो. खरेदीला नव्हे हं! तिथे १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स कापड गिरणीची विटांची चिमणी अजून उभी आहे, ती पाहायला.

"एवढी उंच कशाला?" आमच्या चिरंजीवांनी विचारलं. शंका रास्त होती. जुन्या गिरण्यांत बॉयलरखाली कोळसा जळे. गरम धूर हलका, तो वर चढतो आणि खालून ताजी हवा भट्टीत ओढली जाते. चिमणी जितकी उंच, तितकी ही ओढ जास्त. वाफेवर इंजिन चाले. इंजिनानं लांबलचक दांडा फिरे, त्यावरचे पट्टे फिरत आणि साचे, म्हणजे माग, खडखडू लागत.

माझे सासरे परळच्या एका गिरणीत त्रासन खात्यात होते. तिथे सूत काततात. ते म्हणाले, "धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवायचे. नाकातोंडात कापूस. आवाज असा, की आम्ही हातवाऱ्यांनीच बोलायचो."

हे झालं मोठ्यांचं. पण या खात्यात मुलंही असत! भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या लावायच्या. १८८१ च्या कायद्यानं सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना मात्र दिवसाला नऊ तास काम चाले. मी दुसरीला शिकवते. माझ्या वर्गातली पोरं सात वर्षांचीच आहेत, पाच तासांच्या शाळेतही पेंगतात!

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र आणलं. सभा घेतल्या, अर्ज केले. शेवटी १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला मोठा संप झाला. त्यानंतर कितीतरी गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले.

लालबाग-परळला गेलात, तर मान वर करून बघा. टॉवरांच्या मधून एखादी चिमणी दिसेल. तिथल्या ओळखीच्या आजोबांना विचारा, "तुम्ही साच्यावर होतात की त्रासनात?" मात्र तासभर वेळ हाताशी ठेवा!