गोल्फच्या पुनरागमनाची कसोटी

1904 साली सेंट लुईस येथे खेळला गेल्यानंतर ऑलिंपिकमधून हद्दपार झालेला गोल्फ 2016 साली रिओ द जानेरो येथे, तब्बल 112 वर्षांनी, परतला. धनिकांच्या या करमणुकीला ऑलिंपिकमध्ये स्थान कशाला, असा सवाल तेव्हा अनेकांनी केला. तो अप्रस्तुत होता असे आम्हास वाटत नाही. मात्र त्याचे उत्तर खेळाला हाकलण्यात नसून त्याची दारे उघडण्यात आहे.

रिओतील आरंभ काही शोभादायक नव्हता. मारापेंदी येथील संरक्षित निसर्गक्षेत्राचा लचका तोडून मैदान केल्याबद्दल वादळ उठले. रोरी मॅकिलरॉय, जेसन डे यांसारख्या अग्रगण्य पुरुष खेळाडूंनी झिकाच्या साथीचे कारण देऊन पाठ फिरविली. ऑलिंपिकची बूज राखली ती प्रामुख्याने महिलांनी. दक्षिण कोरियाची इनबी पार्क, न्यूझीलंडची लिडिया को व चीनची फेंग शानशान यांनी पदके पटकावली.

वास्तविक या खेळाने महिलांची उपेक्षाच अधिक केली. 1900 साली पॅरिसमध्ये विजयी झालेल्या अमेरिकेच्या मार्गारेट ॲबट यांना आपण ऑलिंपिक विजेत्या आहोत हे 1955 साली मृत्यू येईपर्यंत ठाऊक नव्हते! टोकियो ऑलिंपिकसाठी निवडलेल्या कासुमिगासेकी क्लबने महिलांना पूर्ण सभासदत्व देण्याचे मान्य केले ते 2017 साली, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने दडपण आणल्यानंतर. पुनरागमनाने एका बंद दाराची कडी निघाली, हे लहानसहान फलित नव्हे. त्याच मैदानावर 2021 साली आपल्या अदिती अशोकचे कांस्यपदक केवळ एका फटक्याने हुकले.

भारतात मात्र फाटके अजून किलकिलीच आहेत. कलकत्त्याचा गोल्फ क्लब 1829 सालचा. साहेब गेला, पण साहेबी फाटक राहिले. सामान्य घरची मुले त्यातून आत गेली ती बहुधा दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन. अशाच कॅडींपैकी एक, अली शेर, यांनी 1991 साली इंडियन ओपन जिंकून दाखविली. गुणवत्ता पिशवी वाहणाऱ्यांतही असते, याला आणखी पुरावा कोणता हवा?

गोमंतकात गोल्फचे नाव निघताच लोकांच्या पोटात गोळा येतो. तेरेखोलच्या नियोजित मैदानापायी कुळांच्या हक्कांचा झगडा न्यायालयापर्यंत गेला, हे कोण विसरेल? कुळांच्या जमिनी घेऊन पदकांची स्वप्ने कोणी दाखवू नयेत. देशात आहेत तीच मैदाने आठवड्यातून काही सकाळी कॅडींना व शाळकरी मुलांना नाममात्र शुल्कात खुली करावीत. सरकारी जमिनीवर वसलेल्या क्लबांना तर शासनाने ही अटच घालावी. पदक यावयाचे तेव्हा येईल. फाटक उघडणे मात्र आजच शक्य आहे.